राळेगावच्या शिलाई युनिटला साफ्टा करार मारणार की तारणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यातले एक तरुण गृहस्थ, ज्यांच्या वडिलांची लहानशी जिनिंग आहे, गावातील महिला बचतगटांना सोबत घेऊन चाळीस मशिनचे शिलाई युनिट टाकण्याच्या विचारात आहेत. शाळेचे गणवेश, सुती शर्ट आणि बायकांचे गाऊन शिवायचे, असा त्यांचा बेत आहे. एका व्यापाऱ्याने त्यांना बजावले की साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे बांगलादेशचे कपडे विनाशुल्क येतात, तेव्हा या धंद्यात पडू नका. दुसऱ्याने नेमके उलटे सांगितले : त्याच कराराच्या आधारे तुम्हीही शेजारच्या देशांत विनाशुल्क माल पाठवू शकता, तेव्हा खुशाल उतरा. या दोघांपैकी खरे कोणाचे, असे त्यांनी विचारले आहे.

मी नागपूरला कस्टम हाऊस एजंट म्हणून सव्वीस वर्षे काम करतो. गाठी, सूत, डाळ, संत्री, चादरी असा विदर्भातून बाहेर जाणारा बराचसा माल कागदोपत्री माझ्या टेबलावरून गेलेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की दोघेही अर्धे बरोबर आहेत आणि दोघांनीही हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडला आहे. करार देशादेशांमध्ये होतो हे खरे. पण सवलत देशाला मिळत नाही, ती मालाला मिळते, आणि तीही तो माल ठरावीक शीर्षकाखाली (म्हणजे सीमाशुल्काच्या यादीतल्या मालाच्या क्रमांकाखाली) बसला, ठरावीक अटी पाळून तयार झाला आणि ठरावीक दारातून गेला तरच. म्हणून "करार चांगला की वाईट" हा प्रश्न बाजूला ठेवून, आपला शर्ट या तीन चाळण्यांतून कसा जातो ते आधी पाहावे.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार, म्हणजेच साफ्टा, ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादच्या सार्क परिषदेत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. सार्कचे आठही देश त्यात आहेत. पहिली चाळणी शीर्षकाची : प्रत्येक देशाने आपली एक संवेदनशील यादी ठेवली आहे आणि त्या यादीतल्या मालाला सवलत लागू होत नाही. ज्या देशांना संयुक्त राष्ट्रे अल्पविकसित म्हणतात, त्यांच्यासाठी भारताने ही यादी फार आखूड केली. २०११ च्या अखेरीस ती ४८० वस्तूंवरून अवघ्या २५ वर आली आणि त्या २५ मध्ये दारू व तंबाखूचेच पदार्थ उरले. बांगलादेश अल्पविकसित गटात असल्यामुळे तेव्हापासून त्याचे तयार कपडे मूळ सीमाशुल्काशिवाय भारतात येऊ शकतात. करार नसलेल्या देशाच्या अनेक कपड्यांवर आपल्याकडे २० टक्के शुल्क, किंवा नगामागे ठरावीक रक्कम, यांपैकी जे जास्त ते लागते. त्यामानाने ही सवलत मोठी आहे, हे तुमच्या पहिल्या व्यापाऱ्याचे म्हणणे मान्य करावेच लागेल. त्यात २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि देशी मालावरच्या उत्पादन शुल्काच्या तोडीचे म्हणून आयातीवर बसणारे जुने प्रतिशुल्क गेले. आता आयात कपड्यावर जो एकात्मिक कर भरावा लागतो त्याचे क्रेडिट आयातदाराला मिळते, म्हणजे तो कर त्याच्या खिशाला फारसा लागत नाही. जुने प्रतिशुल्क जाण्याने आपल्या शिलाई उद्योगाला बसलेला धक्का २०११ च्या सवलतीइतकाच महत्त्वाचा होता असे माझे मत आहे, पण त्याची चर्चा क्वचितच होते.

तरीही बांगलादेशचा शर्ट स्वस्त आहे तो केवळ शुल्क शून्य आहे म्हणून नव्हे. त्या देशात कापूस नावापुरता पिकतो. जवळजवळ सगळी रुई बाहेरून येते, आणि तरी त्याच्या निर्यातीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग तयार कपड्यांचा आहे. हे कसे घडले ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या भागात "कापूस आमचा आणि कापड त्यांचे" या तक्रारीच्या पुढे विचार सहसा जात नाही. १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत जगातल्या कापडव्यापारावर देशनिहाय कोट्याची पद्धत होती. कोटा भरलेल्या कोरियन कंपन्यांना कोटा शिल्लक असलेला देश हवा होता. १९७९ मध्ये देश गार्मेंट्स या बांगलादेशी कंपनीने सुमारे १३० माणसे शिकण्यासाठी कोरियात देवू कंपनीकडे पाठवली. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. त्यांच्या सरकारने दोन सोयी दिल्या. एक म्हणजे निर्यातीसाठी लागणारे कापड शुल्क न भरता गोदामात आणता येईल, आणि दुसरी म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या, म्हणजे त्याच्या बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीच्या, तारणावरच कापड घेण्यासाठी दुसरे पतपत्र उघडता येईल. त्यामुळे स्वतःचे भांडवल नसलेला माणूसही कारखाना चालवू शकला. त्याच काळात आपल्याकडे तयार कपड्यांचा उद्योग लघुउद्योगांसाठी राखीव होता, म्हणजे मोठा कारखाना काढायलाच आडकाठी होती. विणकापडाच्या कपड्यांवरचे हे आरक्षण २००० च्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणाने उठवले. तेव्हा साफ्टा लागू होण्याच्या पंचवीस वर्षे आधीपासून ते मोठ्या लॉटची सवय लावून घेत होते आणि आपण ती मोडून काढत होतो. शुल्क शून्य झाले तेव्हा या फरकाला फक्त वाट मिळाली.

आता तुमच्याच घरातला विरोधाभास पाहा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. त्या हिशेबाने एका गाठीत चाळीस हजारांच्या वर रकमेचा कापूस जातो आणि सरकीचे पैसे वेगळे येतात. त्याच गाठीचे सूत, कापड आणि शेवटी कपडे केले, तर कताईतली घट आणि कटाईतल्या चिंध्या वजा जाता, अगदी ढोबळ मानाने पाचशे-सहाशे शर्ट होतात. भारताच्या रुईचे आणि सुताचे बांगलादेश हे वर्षानुवर्षे मोठे गिऱ्हाईक राहिलेले आहे. म्हणजे वडिलांच्या जिनिंगमधून निघालेली गाठ दलालामार्फत ज्या देशाच्या सूतगिरणीत जाण्याची शक्यता आहे, त्याच देशाचा शर्ट तुमच्या युनिटशी स्पर्धा करणार आहे. शिलाईवाला म्हणून तुम्हाला तो व्यापार बंद पडावासा वाटेल आणि जिनिंगवाला म्हणून तो वाढावासा वाटेल. "देशाचे हित" हा शब्द व्यापारकराराच्या चर्चेत सैलपणे वापरला की मला हीच गोष्ट आठवते. एकाच वाड्यात बापाचे हित आणि मुलाचे हित वेगळे निघते.

आता दुसऱ्या चाळणीकडे येतो. हिला उगमाचे नियम म्हणतात, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा ते ठरवणारे नियम, आणि माझ्या मते कोणत्याही मुक्त व्यापार कराराचा जीव याच नियमांत असतो. बाकी सगळे भाषण. साफ्टात सर्वसाधारण नियम असा आहे की क्षेत्राबाहेरून आणलेल्या कच्च्या मालाची किंमत तयार मालाच्या जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या ६० टक्क्यांहून जास्त असू नये, आणि कच्च्या मालाचे चार अंकी शीर्षक तयार मालात बदललेले असावे. अल्पविकसित देशांना ही मर्यादा ७० टक्के आहे, श्रीलंकेला ६५. उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. ४०० रुपयांच्या शर्टात २२० रुपयांचे चिनी कापड आणि ३० रुपयांची बाहेरून आणलेली बटणे, दोरा व कॉलरचे अस्तर आहे. बाहेरचा माल २५० रुपयांचा, म्हणजे साडेबासष्ट टक्के झाला. हाच शर्ट ढाक्यात शिवला तर तो साफ्टाच्या हिशेबाने "बांगलादेशचा" ठरतो. राळेगावात शिवून कोलंबोला पाठवला तर तो "भारताचा" ठरत नाही. शिलाई तीच आणि कापडही तेच असताना निकाल मात्र वेगळा लागतो.

याच नियमांत क्षेत्रीय संचयाची एक तरतूद आहे. सार्कमधल्या दुसऱ्या देशाचा कच्चा माल वापरला तर तो आपलाच धरता येतो. अट एवढीच की क्षेत्रातला एकूण वाटा निदान ५० टक्के आणि शेवटच्या देशातला वाटा निदान २० टक्के भरावा. म्हणजे वरच्या शर्टात चिनीऐवजी भारतीय कापड असते तर बांगलादेशाला तो शर्ट पात्र ठरवणे आणखी सोपे गेले असते. करार लिहिणाऱ्यांच्या मनात हेच चित्र होते : कापूस आणि सूत इथले, शिलाई तिथली, बाजार दोघांचा. प्रत्यक्षात चिनी कापड इतके स्वस्त आणि इतक्या प्रकारांत मिळते की ७० टक्क्यांच्या सैल मर्यादेमुळे आपले कापड घेण्याची सक्ती कोणालाच उरत नाही. उगमाच्या नियमात एक शब्द बदलला तर व्यापार कसा वळतो याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र दक्षिण आशियाच्या बाहेर घडले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०११ पासून अल्पविकसित देशांच्या कपड्यांसाठी नियम सैल केला. तोवर विनाशुल्क प्रवेशासाठी कापड विणणे आणि शिवणे अशा दोन प्रक्रिया देशातच व्हाव्या लागत. आता नुसती शिलाई पुरेशी झाली. शुल्क आधीही शून्यच होते, पण नियम बदलल्यावर बांगलादेशचे विणकापडाचे शर्ट आणि पँट युरोपात जोराने वाढले.

ज्यांना हे सारे कापडापुरते आहे असे वाटते त्यांनी वाशीम-अकोल्याच्या सोयाबीनकडे पाहावे. १४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के आणि शुद्ध तेलावरचे १३.७५ टक्क्यांवरून ३५.७५ टक्के केले. शेतकऱ्याला भाव मिळावा असा उद्देश सांगितला गेला. त्यानंतरच्या महिन्यांत नेपाळमधून शुद्ध सोयाबीन तेल साफ्टाखाली शून्य शुल्काने मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. नेपाळात एवढे सोयाबीन पिकत नाही. अर्जेंटिनासारख्या देशांतून कच्चे तेल आणायचे, शुद्ध करायचे आणि सीमेपलीकडे विकायचे, असा तो व्यवहार आहे. आपल्या तेल उद्योगाच्या संघटनांनी जो सवाल केला तो वर सांगितलेल्या नियमाचाच आहे. नेपाळाला अल्पविकसित देश म्हणून ३० टक्के मूल्यवर्धन दाखवावे लागते, आणि नुसते शुद्धीकरण करून एवढे मूल्य वाढते कसे? शिवाय कच्चे आणि शुद्ध सोयाबीन तेल दोन्ही १५०७ या एकाच चार अंकी शीर्षकाखाली येतात. हा प्रकार नवा नाही. १९९८ मध्ये सही झालेल्या आणि २००० मध्ये लागू झालेल्या भारत-श्रीलंका करारानंतर श्रीलंकेतून वनस्पती तूप असेच वाहू लागले होते आणि शेवटी त्यावर कोटा बसवावा लागला. शुल्काचा बांध जितका उंच, तितका करारातल्या भोकातून येणारा झरा जोरदार, हे या क्षेत्रात पुन्हापुन्हा दिसते. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचे शुल्क १६.५ टक्क्यांपर्यंत खाली आणले, शुद्ध तेलावरचे होते तसेच ठेवले.

इथे एक सावधगिरी सांगतो. सोयाबीनचा भाव २०२४-२५ च्या ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली गेला त्याचे सगळे खापर नेपाळच्या तेलावर फोडणे बरोबर नाही. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी मुख्यतः पेंड. पेंडीला जगात मागणी नसेल तर तेलाला संरक्षण देऊनही दाण्याचा भाव फारसा उठत नाही. करार हे कारणांपैकी एक कारण असते, आणि बहुधा सर्वांत बोलके.

तसेच कापसाचे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले गेले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपल्या भागात त्याविरुद्ध जो संताप उसळला तो मला समजतो, कारण वेचणीच्या तोंडावरच हा निर्णय आला. पण अनेक सभांत हे "मुक्त व्यापार कराराचे पाप" म्हणून सांगितले गेले, ते चूक होते. तो कोणताही करार नव्हता. ती सरकारने एकतर्फी काढलेली अधिसूचना होती आणि ती सर्व देशांच्या कापसाला लागू होती. हे ११ टक्के शुल्क बसले तेही २०२१ च्या अर्थसंकल्पात, अधिसूचनेच्याच वाटेने. कराराची गोष्ट वेगळी असते : ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात ५१,००० टन कापूस विनाशुल्क येऊ देण्याचा कोटा आहे आणि तो आपल्या मनात आले म्हणून उद्या रद्द करता येत नाही. अधिसूचना आणि करार यांतला हा फरक धंदा करणाऱ्याने ओळखला पाहिजे, कारण पहिली गोष्ट रातोरात बदलते आणि दुसरी वर्षानुवर्षे टिकते. भांडवल गुंतवताना कोणत्या भरवशावर गुंतवतो आहोत ते कळायला हवे.

तिसरी चाळणी दाराची. वरूड-मोर्शीच्या संत्रा उत्पादकांना ती कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक. २०१९ पासून त्या देशाने संत्र्यावरचा आयातीचा बोजा दरवर्षी वाढवत किलोमागे सुमारे २० रुपयांवरून २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेला, आणि ट्रकच्या ट्रक जाणारा माल आटला. दोन्ही देश साफ्टात असताना हे झाले. कारण एकतर संवेदनशील यादीची सोय प्रत्येकाला आहे, आणि दुसरे म्हणजे करार बांधून घेतो ते मुख्यतः मूळ सीमाशुल्काला. त्याच्या जोडीने नियामक शुल्क, पूरक शुल्क अशी वेगळ्या नावांची ओझी घालता येतात. म्हणून "अमुक देशात शुल्क शून्य आहे" असे कोणी सांगितले की मी विचारतो, शून्य कशाचे? सगळी शुल्के आणि कर मिळून माल गिऱ्हाइकाच्या गोदामात किती रुपयांना पडतो, तो आकडा खरा.

आणि दारच बदलले तर? एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सूत खुष्कीच्या नाक्यांवरून घेणे बंद केले. १७ मे २०२५ रोजी भारताने बांगलादेशचे तयार कपडे खुष्कीच्या मार्गाने येण्यास मनाई करून ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतूनच येतील असे ठरवले. शुल्क शून्यच राहिले. पण पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या नाक्यावरून ट्रकने काही दिवसांत पोहोचणारा माल आता जहाजाने, जास्त दिवसांनी आणि जास्त खर्चाने येतो. पाकिस्तानशी तर २०१९ पासून व्यापार जवळपास ठप्प आहे. कराराच्या कागदावर आठ देश आहेत म्हणून बाजारही आठ देशांचा आहे असे धरून चालणाऱ्याची फसगत ठरलेली.

आता तुमच्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या सल्ल्याकडे वळतो, म्हणजे शेजारी देशांत माल पाठवण्याकडे. नेपाळशी आपला स्वतंत्र व्यापार करार आहे, पण तो दोन्ही बाजूंनी सारखा नाही. नेपाळात बनलेल्या मालाला आपण विनाशुल्क येऊ देतो. आपल्या कारखान्यात बनलेल्या मालाला नेपाळ तशी सरसकट मुभा देत नाही. बांगलादेशात शर्ट विकायला जाणे म्हणजे कापसाची पेठ असलेल्या हिंगणघाटात कापूस विकायला बाहेरून गाडी भरून आणण्यासारखे आहे. श्रीलंका स्वतः उत्तम शिलाईचा देश आहे. तेव्हा साफ्टाच्या आधाराने राळेगावातून कपडे निर्यात होतील, ही आशा मी तुम्हाला देणार नाही. आग्नेय आशियातील आसियान देशांशी आपला वस्तुव्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून आहे आणि तिथे उगमाची अट ३५ टक्के क्षेत्रीय वाटा व सहा अंकी उपशीर्षकातील बदल अशी आहे. पण व्हिएतनाम, कंबोडिया, इंडोनेशिया हे स्वतःच कपड्यांचे मोठे उत्पादक असल्याने तिकडेही तुमच्यासाठी फार काही नाही.

ज्या करारांत तुमच्या मालाला जागा आहे ते प्रादेशिक नसून द्विपक्षीय आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. दोन्ही ठिकाणी कपड्यांवर पूर्वी पाच टक्के शुल्क होते. जपानशी करार २०११ पासून आहे. ब्रिटनशी सही २४ जुलै २०२५ रोजी झाली. सहीची तारीख आणि लागू होण्याची तारीख यांत गल्लत करू नका. युरोपातल्या एफ्टा या चार देशांच्या गटाशी सही १० मार्च २०२४ ला झाली आणि करार लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. मधल्या काळात निघालेल्या मालाला पूर्ण शुल्क लागते आणि पेढे वाटून झालेले असतात.

पाच टक्के म्हणजे किती, हेही मांडून पाहा. दहा लाखांचा माल दुबईला गेला तर वाचणारे शुल्क पन्नास हजार, आणि ते वाचते तुमच्या गिऱ्हाइकाचे. भाव ठरवताना त्यातला वाटा मागून घेतला नाही तर तुमच्या पदरात काहीच पडत नाही. राळेगावहून नागपूरच्या अजनी येथील कंटेनर डेपोपर्यंतचा ट्रक, तिथून न्हावा शेव्यापर्यंतचे आठशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, कंटेनर पूर्ण भरत नसेल तर दुसऱ्यांच्या मालासोबत पाठवण्याचा वाढीव दर, माझ्यासारख्याची फी, बँकेचे शुल्क. तिरुपूरच्या शिलाईवाल्याला तुतिकोरिन बंदर काही तासांवर आहे. करारातले पाच टक्के आपल्याकडे रस्त्यातच खर्च होतात, असे मी अनेक बिलांवर पाहिले आहे. निर्यातीवर मिळणारी केंद्र व राज्य करांची परतफेड त्यामुळेच लहान युनिटला करारापेक्षा जास्त उपयोगी पडते.

कागदांबद्दल एक प्रसंग सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे. काही वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान उद्योजकाचा माल आम्ही आखातात पाठवला. चादरी होत्या. बीजकावर शीर्षक ६३०२ होते, म्हणजे पलंगावरच्या चादरी, आणि उगम प्रमाणपत्राच्या अर्जात माझ्या कार्यालयातून ६३०४ गेले, म्हणजे पलंगपोस व तत्सम. मालात काहीही खोट नव्हती. कापूस, सूत, विणकाम सगळे इथलेच. तिकडच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याने सवलत नाकारली, गिऱ्हाइकाने पूर्ण शुल्क भरले आणि ती रक्कम आमच्या उद्योजकाच्या बिलातून कापून घेतली. दुरुस्त प्रमाणपत्र मिळेपर्यंत माल विकूनही गेला होता. अर्धी भरपाई मी केली. तेव्हापासून पहिली खेप निघण्याआधी नमुना समोर ठेवून शीर्षक ठरवल्याशिवाय मी अर्ज भरत नाही. तुमच्याही बाबतीत हाच घोटाळा होऊ शकतो : पुरुषांचा विणकापडाचा शर्ट ६२०५ मध्ये जातो आणि होजिअरीचा ६१०५ मध्ये.

बाहेरून बटणे किंवा लेस आणून त्यावर कराराची सवलत घ्यायची असेल तर २१ सप्टेंबर २०२० पासूनचे नियम लक्षात ठेवा. पूर्वी परदेशी प्रमाणपत्र दाखवले की काम भागत असे. आता माल खरोखर त्या देशात कसा बनला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवावी लागते, पाच वर्षे जपावी लागते आणि विचारल्यास दाखवावी लागते. वीस-पंचवीस हजारांच्या बटणांसाठी एवढी जबाबदारी अंगावर घेऊ नका; मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याकडून घ्या.

युनिट टाकावे की नाही, यावर माझे मत टाकावे असेच आहे, पण निर्यातीच्या आशेने नव्हे आणि बांगलादेशच्या भीतीने आकार आखडूनही नव्हे. बांगलादेशचा कारखाना एका रंगाचे, एका मापाचे दहा-वीस हजार नग मागतो. घाटंजीच्या शाळेला २८० गणवेश हवे असतात, त्यात सात मापे, आणि जूनच्या आत. ती ऑर्डर ढाका घेत नाही. मात्र सरकारी गणवेशाच्या एकाच कामावर युनिट उभे करू नका. ते काम २०२४-२५ मध्ये बचतगटांकडे आले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. खासगी शाळा, दवाखाने आणि गाऊनचा बाजार यांवर निम्म्याहून जास्त मशिने चालतील एवढे काम आधी बांधून घ्या. सुती शर्टांत मॉलमधल्या मालाशी झुंजायला पहिली दोन वर्षे जाऊ नका, कारण शून्य शुल्काचा खरा मार तिथेच बसतो.

पुढे पाहायच्या दोन गोष्टी आहेत. बांगलादेश अल्पविकसित गटातून बाहेर पडण्याची ठरलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. त्यानंतर त्याला साफ्टात मिळणारी खास वागणूक, म्हणजे २५ वस्तूंची आखूड यादी आणि ७० टक्क्यांची सैल मर्यादा, नव्या वाटाघाटीशिवाय तशीच राहण्याचे कारण उरत नाही. आपल्या बाजूने इतर सदस्यांसाठीची संवेदनशील यादी सहाशेहून अधिक वस्तूंची आहे. दुसरी गोष्ट अमरावतीजवळ नांदगाव पेठेला होणाऱ्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग उद्यानाची. त्याचा कोनशिला समारंभ २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याहून झाला. "कापूस ते कापड" ही घोषणा मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतो आहे, म्हणून मी या उद्यानाबद्दल आधीच उत्साह दाखवणार नाही. पण तिथे प्रक्रिया आणि रंगाईचे कारखाने खरोखर उभे राहिले तर तुमच्यासाठी चित्र बदलेल, कारण आज विदर्भात सूत आहे आणि शिलाईला हात आहेत, मधले रंगवलेले, तयार कापड फारसे नाही. ते भिवंडी किंवा सुरतेहून आणावे लागते. कापड अमरावतीचे मिळाले तर भाड्याचा एक फेरा वाचेल आणि उगमाचा प्रश्नही राहणार नाही, कारण रुईपासून शर्टापर्यंत सगळे इथले असेल.

तोवर एवढे करा. कापड कोणत्या गिरणीचे, दोरा कुठला, बटणे कोणाकडून, यांची बिले पहिल्या दिवसापासून लॉटप्रमाणे वेगळ्या वहीत लावून ठेवा. निर्यातीचा परवाना क्रमांक पाचशे रुपयांत आणि घरबसल्या निघतो, तोही काढून ठेवायला हरकत नाही. ज्या दिवशी दुबईचा किंवा नागपूरच्या एखाद्या निर्यातदाराचा माणूस दारात येऊन "उगमाचे कागद आहेत का" असे विचारेल, त्या दिवशी ती वही नसेल तर ती मागाहून तयार करता येत नाही.